रिकाम्या पाण्यावरचा फोकस

वामन्या,

काल तुझा तेरावा झाला. जिलब्या होत्या. मी चार खाल्ल्या आणि वर्तकनगरला घरी आल्यावर बायकोला अकरा सांगितल्या. तिने तिथल्या तिथे तुझं सूत्र लावलं. ते तूच तिला शिकवलेलंस, आमच्या लग्नात, अक्षता पडायच्या आधी. "वहिनी, हा प्रभाकर जे सांगेल त्याला तीनाने भागायचं, आणि बाकी उरली तर सोडून द्यायची." गेली बारा वर्षं माझ्या संसाराचं गणित या एका सूत्रावर चाललंय. बिबट्या दिसला म्हटलं तर ती म्हणते मांजर असेल.

आज लिहितोय त्याला मात्र भागू नकोस. शपथ घेतली असती, पण माझ्या शपथेची पत खोपटच्या डेपोत उन्हात झोपणाऱ्या कुत्र्यालाही माहीत आहे.

तू माझ्या स्टुडिओत पहिल्यांदा आलास तेव्हा मी तुला वेडा समजलो होतो. पासपोर्ट साइज, लग्न, बारसं एवढाच माझा धंदा. समोर एसटी डेपो, त्यामुळे अर्धं गिऱ्हाईक गाडी चुकलेलं. तू कल्याणजवळच्या मोहने गावातल्या रेयॉन कारखान्यातून शिफ्ट संपवून थेट आलेलास, डोळे तांबारलेले, हातात एक रोल. मी तो धुतला आणि डोकं धरून बसलो. छत्तीस फोटोंपैकी पस्तीसमध्ये एकच लाकडी खुंट. खाडीत कोळी जाळं बांधायला रोवतात तसला. नुसता. मागे पाणी.

"साहेब, कॅमेरा पडलेला का तुमचा? बटण अडकलं?"

"नाही. खुंटावर फोकस लावून बसलेलो."

"कशासाठी?"

"येईल म्हणून."

"कोण येईल?"

"जो यायचा असेल तो."

मग तू छत्तिसाव्या फोटोवर बोट ठेवलंस. त्याच खुंटाजवळून पायात मासा धरून उठणारी ब्राह्मणी घार. पंखांची टोकं बोटांसारखी फाकलेली, माशाच्या शेपटीचं पाणी तुटत होतं ते थेंब वेगवेगळे दिसत होते. मी तोवर पाचशे लग्नं काढली होती (बरं, दीडशे), पण हलणारी वस्तू इतकी लख्ख कधी धरली नव्हती. माझ्या लग्नांत हलणारी वस्तू म्हणजे वराचा मामा, आणि तो कायम पुसट येतो.

मी त्या दिवशी तुझ्याकडून पैसे घेतले नाहीत आणि तू मला चहा पाजलास. एवढ्यावर पुढची बारा-तेरा वर्षं निभावली.

तुझी कामाची तऱ्हा मी सगळ्यांना सांगत फिरायचो, आणि तिच्यात मीठमसाला लावायची गरज पडत नसे, हे तिचं मोठेपण. तुझी ती जुनी, हाताने फिरवायची तीनशे एमएमची लेन्स. तिच्या कड्यावर कुसुमवहिनींच्या नेलपॉलिशचे ठिपके. लाल ठिपका म्हणजे पाच वाव, गुलाबी म्हणजे आठ, दोन गुलाबी म्हणजे बारा. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं ते अंतर. हे माप तुला हिराजी नाखवाने दिलेलं. ठाण्याच्या कोळीवाड्यातला तो म्हातारा आपल्याला होडीतून न्यायचा, आणि फूट-मीटर म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. तू ठिपके बोटाने चाचपायचास, कड्याकडे न बघता. हिराजी नुसतं "आठ" म्हणाला की तुझं बोट गुलाबीवर. पाखरू यायच्या आधी फोकस तिथे जाऊन बसलेला.

"पक्ष्याच्या मागे धावायचं नाही," तू म्हणायचास. "त्याची जागा ओळखायची. रिकाम्या जागेवर फोकस लावायचा आणि गप्प बसायचं."

गप्प बसणं! माझ्यासारख्याला सांगतोस! डॉक्टरने घशाचं ऑपरेशन करायचं ठरवलं तर त्याला आधी मला गोष्ट संपवायला वेळ द्यावा लागेल.

आणि मग नव्वदीच्या सुरुवातीला माझ्या साडूने दुबईहून तो ऑटोफोकस कॅमेरा आणला. आपल्या भांडणाचा खरा जन्म तिथला. मी तो घेऊन मोहन्याला तुझ्या क्वार्टरवर आलेलो, गणपती आणावा तसा, छातीशी धरून. तू हातात घेतलास, डोळ्याला लावलास, बटण अर्धं दाबलंस. लेन्स घर्रर्र करून पुढे गेली, घर्रर्र करून मागे आली.

"हे काय करतंय?"

"शोधतंय."

"काय शोधतंय? समोर भिंत आहे."

"पांढरी आहे ना भिंत. त्याला पकडायला काहीतरी लागतं. रेघ, कड, डाग."

"म्हणजे आंधळा आहे. चाचपडतोय." तू कॅमेरा परत माझ्या हातात दिलास. "प्रभ्या, जत्रेत पोर हरवलेल्या बाईसारखं करतंय रे ते. बंद कर, बघवत नाही."

मग मी तुला दोन तऱ्हा समजावल्या. एक, फोकस एकदाच धरायचा आणि कुलूप लावायचं, बसलेल्या बगळ्यासाठी. दुसरी, बटण दाबून ठेवायचं आणि त्याने पाठलाग करत राहायचं, उडत्या घारीसाठी. ही दुसरी तऱ्हा नुसती पाठलाग करत नाही, तर समोरचं किती वेगाने येतंय ते बघून, शटर उघडेल त्या क्षणी ते कुठे पोचलेलं असेल त्याचा अंदाज बांधते आणि तिथे आधीच जाऊन थांबते, हे मी सांगितलं तेव्हा तू हसायचा थांबलास.

"म्हणजे जे अजून आलेलं नाही त्यावर फोकस?"

"तू तेच तर करतोस!"

"मी वाट बघतो," तू म्हणालास. "हा ओढून आणतो."

वहिनी आतून म्हणाल्या, "भावोजी, चहा घेता की पहिलं भांडण संपवता?" तेव्हा चहा घेतला. भांडण काही संपलं नाही.

आता त्या सकाळच्या गोष्टीवर येतो. लोकांना मी ती सतरा प्रकारे सांगितली आहे. कल्याणला शाळेच्या वर्गात रविवारी आपला फोटोग्राफी क्लब भरायचा, तिथे सांगितली. डोंबिवलीच्या हॉलमध्ये पंगत बसायच्या आधी सांगितली. डेपोतल्या कंडक्टरांना सांगितली, ते तिकिटं फाडायची विसरले. एका आवृत्तीत पाण्यावरून पैंजण वाजत येतं. एकीत हिराजी बेशुद्ध पडतो. हिराजी उभ्या जन्मात बेशुद्ध पडला नाही, दारू पिऊनसुद्धा नाही. आज फक्त जेवढं झालं तेवढं.

जानेवारी. खाडीवर धुकं असं की होडीच्या एका टोकाला बसून दुसरं टोक उसनं आणल्यासारखं वाटावं. भरती नुकतीच थांबलेली. उजाडलेलं, पण सूर्याचा पत्ता नाही. मी पुढच्या टोकाला, तू मध्ये, हिराजी मागे वल्ह्यावर. आपल्याला घारी हव्या होत्या. खुंट धुक्यात गेले होते, घारींचा आवाजही नव्हता. आवाज कसलाच नव्हता, हे मला नंतर आठवलं. पाणी होडीला लागतं तेव्हा वाजतं ना, तेसुद्धा नाही.

मी आपला पाठलागाची तऱ्हा लावून बटण दाबून बसलेलो, तुला चिडवायला. लेन्स पुढे-मागे, पुढे-मागे चाचपडत होती. तू वैतागून म्हणालास, "बंद कर रे गिरणी."

आणि ती बंद झाली. म्हणजे चाचपडायची बंद झाली. घर्रर्र थांबली आणि अगदी बारीक, सलग आवाज सुरू झाला. लेन्स हळूहळू फिरायला लागली. एकाच दिशेने, लांबून जवळ. मधे अडखळणं नाही, मागे जाणं नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये खालचा हिरवा ठिपका पेटला आणि पेटलेलाच राहिला. हिरवा ठिपका म्हणजे सापडलं. समोर मला दुधासारखं पांढरं दिसत होतं. त्यात रेघ नाही, कड नाही, डाग नाही.

तू वाकून लेन्सवरच्या काचेत अंतराचे आकडे वाचायला लागलास. पहिल्यांदा थट्टेत.

"साठ फूट. पन्नास. काय धरलंयस?"

"काही नाही."

"चाळीस. घार आहे का?"

"वामन्या, काही नाहीये समोर."

"तीस." तुझा आवाज खाली गेला. "पंचवीस. माणूस चालतो त्या वेगाने येतंय हे."

पुढे पाणी होतं. चार पुरुष खोल.

हिराजीने वल्हं उचलून होडीत आडवं ठेवलं. पंधरा फुटांवर लेन्स थांबली. ठिपका पेटलेलाच. मी बोट काढलं बटणावरून, तेव्हा विझला.

मग तू घसा खाकरलास आणि शहाण्यासारखं म्हणालास, "दमट हवा आहे. आतल्या सर्किटला दव लागलं असेल." आणि मान खाली घालून तुझ्या लेन्सची काच पुसायला लागलास. चार वेळा पुसलेली काच पाचव्यांदा.

इथे माझी करणी येते. सतरा आवृत्त्यांत ही कुठेही नाही. मी घाबरलो होतो, वामन्या. आणि घाबरलो की मी मस्करी करतो, हे तुला माहीत आहे. सासऱ्यांच्या तिरडीपाशी सुद्धा मला शिंक आल्याचं सोंग करून हसू दाबावं लागलेलं. मला वाटलं, वामन्याचा दचकलेला चेहरा टिपू, तो सगळीकडे दाखवू, हसू आणि मोकळे होऊ. मी कॅमेरा तुझ्यावर वळवला, तू हातभर अंतरावर, मान खाली. मफलरमध्ये तोंड खुपसलं आणि खोल, ओल्या आवाजात तुला हाक मारली. नावाने. एकदाच.

तू "ओ" म्हणालास.

पण तू माझ्याकडे बघितलं नाहीस. तू मागे बघितलंस, डाव्या खांद्यावरून, हिराजीच्या पलीकडे, पाण्याकडे. आणि बघतच राहिलास. कॅमेऱ्याने चार फोटो काढले, टक टक टक टक.

हिराजी उठून उभा राहिला. होडी डुचमळली. "पयल्या हाकंला ओ दिलीस?" तो तुझ्यावर ओरडला. "आरं, खाडीवर तीन हाका होऊ द्याच्या आस्तात! मानूस आसंल तर तीनदा मारतो. ज्याला तीनदा मारता येत नाय तो एकदाच मारतो. पोरासोरांना बी ठाव हाय ह्ये!"

"अरे पण कोणीतरी..." तू म्हणालास.

"त्येच बोलतो मी. कोनीतरी." आणि त्याने होडी फिरवली.

धक्क्याला लागेपर्यंत तो वल्हवत राहिला. तेव्हा मी सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं, "मी होतो." हिराजीने वल्हं घातलं असतं डोक्यात आणि विषय संपला असता. पण तेवढ्या वेळात ती गोष्ट माझ्या डोक्यात उभी राहायला लागली होती, तिला पाय फुटत होते, आणि इतकी देखणी गोष्ट आयुष्यात हातात आलेली नव्हती. त्यात स्वतःची हाक घातली की तिचा फुगा फुटत होता. म्हणून ती वगळली. हिराजीने आपल्याला पुन्हा कधी होडीत घेतलं नाही.

रोल मी धुतला. चौथा फोटो मोठा करून क्लबात लावला. त्यात तुझी मान आणि कान, किंचित पुसट, आणि तुझ्या मागे पंधरा फुटांवरचं रिकामं पाणी सुरीच्या पात्यासारखं धारदार. पाण्यावरची एकेक सुरकुती दिसते. तू फोटोसमोर उभा राहून अर्धा तास मला समजावलंस की फोकसचा मधला चौकोन तुझ्यावरून घसरला असणार, कॅमेऱ्याने जुनंच अंतर धरून ठेवलं असणार, एकदाच धरायच्या तऱ्हेवर ठेवला असता तर असं झालं नसतं. मी ओरडून म्हणालो की धुक्यात कुठली आलीय कड, मुळात त्याने धरलं काय? तू म्हणालास, ते मला विचारू नकोस. इतक्या हळू म्हणालास की क्लबातल्या कोणाला ऐकू गेलं नाही.

त्यानंतर तू खाडीवर आला नाहीस. कारणं दिलीस: लेन्सला बुरशी लागली, शिफ्ट बदलली, मुलीची दहावी. खिडकीतल्या चिमण्या काढायला लागलास. माझी गोष्ट मोहन्यापर्यंत पोचली तेव्हा कारखान्यात लोक तुला गमतीने तीनदा हाक मारायचे, "वामन, वामन, वामन!", आणि तू हसून ओ द्यायचास. मी म्हणायचो, घाबरट आहेस. तू म्हणायचास, असेन.

एकदाच तू स्वतःहून विषय काढलास. दोन वर्षांपूर्वी, दुपारी, माझ्या स्टुडिओत. बाहेर बोरिवलीची गाडी लागली होती आणि कंडक्टर घसा फोडत होता. तू काउंटरवर दोन्ही हात टेकलेस.

"प्रभ्या, एक विचारतो. गोष्ट सांगू नकोस. त्या दिवशी तुला काय ऐकू आलं?"

काय चेहरा होता तुझा. आज डोळ्यासमोरून हलत नाही. तहान लागलेल्या माणसाने घराचं दार वाजवावं तसा. आणि मी काय केलं? समोर पासपोर्ट फोटोसाठी तीन गिऱ्हाइकं बसलेली. मी त्यांच्याकडे बघून हात पसरले आणि तो आवाज काढून दाखवला. खोल, ओला. वर पाण्याचे थेंब गळतात तसा टप टप आवाजही काढला, तो नवीन होता. गिऱ्हाइकांच्या अंगावर काटा आला. एक बाई म्हणाली, "अगं बाई!"

तू फक्त मान हलवलीस. "बरं," म्हणालास, आणि कल्याणची गाडी पकडलीस.

तू गेल्याच्या पाचव्या दिवशी मी मोहन्याला गेलो. वहिनी ओट्यापाशी बसल्या होत्या, मी चटईवर. मग त्या म्हणाल्या,

"भावोजी, डॉक्टर म्हणाले हृदयाचं होतं. असेल. पण मला तुमच्याकडून एक खरं हवंय."

"विचारा."

"ते जेवून खुर्चीत बसले होते. मी इथे भांडी लावत होते. त्यांनी ओ दिली. मोठ्याने, कोणीतरी दारातून बोलवावं तशी. मग 'आलो' म्हणाले. मला वाटलं शेजारचे असतील. बाहेर येऊन बघते तर..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मी हाक मारली नव्हती. शेजारी घरात नव्हते. खाडीवर नक्की काय झालेलं तुमच्यात? तुमच्या गोष्टीतलं नको. खरं."

सतराच्या सतरा आवृत्त्या माझ्या जिभेवर येऊन मागे गेल्या. मला वाटलं, आता तरी या बाईच्या छातीवरचा दगड उतरवायचा. चटईकडे बघत सगळं सांगितलं. भुताटकी नव्हती, वहिनी. हाक मी मारली होती. मफलरमध्ये तोंड घालून. माझा नालायकपणा. गोष्ट छान झाली म्हणून कधी बोललो नाही. तो उगाच आयुष्यभर...

मला वाटलं, त्या मला हाकलतील. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

"माहीत होतं त्यांना," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"तुमची हाक. त्याच दिवशी घरी येऊन सांगितलेलं मला. म्हणाले, त्या माकडाने मफलरमध्ये तोंड घालून हाक मारली, त्याला वाटलं मला कळलं नाही. म्हटलं, मग सांगा की त्यांना. तर म्हणाले, नको, किती रंगवून सांगतो, सांगू दे."

मी हसायला लागलो. रडायलाही. दोन्ही एकदम आलं की नाकातून पाणी येतं. तुझ्या घरात, तुझ्या चटईवर, मी लहान पोरासारखा बसलो होतो आणि वाटत होतं, चला, सुटलो. हा माणूस तेव्हाच मला माफ करून मोकळा झाला होता. डोळे पुसून मी सहज विचारलं, "मग माझी हाक ओळखली, तर मागे कशाला बघितलं त्याने?"

वहिनी थांबल्या. त्यांना वाटत होतं मला ते ठाऊक आहे.

"तुमची दुसरी होती ना," त्या म्हणाल्या. "ओ त्यांनी पहिलीला दिली."

संध्याकाळी मी स्टुडिओत येऊन शटर अर्धं ओढलं आणि त्या रोलची पट्टी काढली. पहिले तीन फोटो मी कधी मोठे करून बघितले नव्हते. पुसट होते म्हणून. तुला माझी सवय माहीत आहे. प्रत्येक स्टुडिओवाल्याची असते. बोट आधी, हाक मागून. पोराचा फोटो काढताना आपण आधी बटण दाबायला लागतो आणि मग "सोन्या!" म्हणतो, म्हणजे तो वळतो तो क्षण हुकत नाही. वीस वर्षांत माझी ही सवय मोडलेली नाही. पहिला फोटो निघाला तेव्हा माझी हाक घशातच होती.

भिंग लावलं. पहिल्या फोटोत तुझा चेहरा एका बाजूने दिसतो. काच पुसायचं फडकं मांडीवर पडलंय. मान वळलेली आहे, आणि तोंड उघडं आहे, ओ देताना उघडतं तेवढंच.

भिंग खाली ठेवलं आणि मला तुझी ती दुपार आठवली, काउंटरवर टेकलेले हात. तुला काय ऐकू आलं? तू माझी खोडी पकडायला आला नव्हतास. ती तुझ्या खिशातच होती. होडीत माझ्या हाकेशिवाय आणखी एक हाक होती, ती दुसऱ्या कोणी ऐकली का, एवढंच तुला हवं होतं. ऐकली म्हटलं असतं तर निदान दोघं मिळून घाबरलो असतो. नाही म्हटलं असतं तर तू डॉक्टरकडे गेला असतास, कानाच्या, डोक्याच्या, हृदयाच्या, कुठल्याही. मी तुला यातलं काहीच दिलं नाही. गिऱ्हाइकांना आवाज काढून दाखवला. इतक्या वर्षांत तू एक प्रश्न विचारलास आणि उत्तर म्हणून तुला खेळ मिळाला.

आज सकाळी क्लबाची शोकसभा होती. कल्याणच्या त्याच वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसलेली. तुझी घार लावली होती समोर, हार घालून. भाषणं झाली. तुझी चिकाटी, तुझे ठिपके, तुझा साधेपणा. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "प्रभाकरराव, तुम्ही त्यांचे जवळचे. ती खाडीची गोष्ट सांगा. वामनरावांनाही फार आवडायची." लोक सरसावून बसले. दोघं-तिघं आधीच हसायला लागले. एकाने मागून आठवण करून दिली, "पैंजणवाली सांगा!"

मी उठलो. आपलं बोलणं बिनमायक्रोफोन डेपोपर्यंत जातं, पण आज पहिल्या बाकापर्यंत पोचलं की नाही शंका आहे.

"पैंजण नव्हतं," मी म्हणालो. "धुकं होतं. एक हाक मी मारली, मस्करीत. त्याच्या आधी एक मारली गेली, ती माझी नव्हती. वामनने ऐकली. मला काहीही ऐकू आलं नाही."

ते पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. खूप वेळ. कोणीतरी खोकलं. मी खाली बसलो, बाक करकरला.

वामन्या, एवढंच आहे. मला काहीही ऐकू आलं नाही रे.